तेल चेंबरमध्ये परत येतंय का? स्पीडबोटचं ऑइल प्रेशर आणि मोठ्या पंपाचा मोह

नेरूळच्या एका बोटमालकांचा प्रश्न आलाय, तो आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २८ फुटी फायबरची स्पीडबोट, सरळ शाफ्टवाली (इंजिनपासून पंख्यापर्यंत सरळ दांडा), आत ७.४ लिटरचं बिग ब्लॉक व्ही-एट पेट्रोल इंजिन, गेल्या वर्षी फुल इंजिन काम झालेलं. बेलापूरहून मांडव्याच्या बाजूला जाताना ३००० आरपीएमला ५५-६० पीएसआय प्रेशर दिसतं, पण ४८०० ला दीड-दोन मिनिटं दाबून ठेवलं की काटा हळूहळू ३० वर येतो आणि थ्रॉटल पटकन मागे घेतला की क्षणभर शून्याकडे झुकतो. मेकॅनिकने हाय व्हॉल्यूम (जास्त तेल ढकलणारा) पंप टाकला तर उलट जास्त व्हायला लागलं. आता ते विचारतायत की मोठा चेंबर (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) टाकू, ड्राय संप (तेल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवायची पद्धत) करू की अजून जाड तेल घालू.

आधी एक विनंती. खाली सांगितलेली छोटी टेस्ट सोडली तर हे काम होईपर्यंत बोट ३५०० च्या वर चालवू नका. साधा हिशोब असा धरतात की दर १००० आरपीएमला निदान १० पीएसआय हवं, म्हणजे ४८०० ला ४८ च्या वर. तुमचं ३० आहे, आणि ते सुद्धा पूर्ण लोडवर. काटा शून्याकडे झुकतो त्या क्षणी बेअरिंगला तेलाऐवजी हवा मिळत असते. हा प्रकार रोज थोडा थोडा बेअरिंग खातो आणि एक दिवस समुद्रात मध्येच इंजिन बसतं.

मी पंचवीसेक वर्षं रबाळ्याला मरीन इंजिनचं काम करतोय आणि या तक्रारीत दहापैकी सात-आठ वेळा पंप चांगलाच निघालाय. पंप चेंबरमधलं तेल उचलतो एवढंच त्याचं काम. चेंबरमध्ये तेलच नसेल तर कितीही मोठा पंप लावा, तो काय उचलणार? तेव्हा पहिला प्रश्न पंपाचा नाहीच, ४८०० ला चालताना तुमचं तेल नेमकं कुठे असतं हा आहे.

आता हे बोटीतच का होतं आणि गाडीत का होत नाही ते बघा, कारण हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. गाडी एक्स्प्रेसवेला शंभरने चालली तरी इंजिन आपल्या ताकदीचा छोटासा भागच वापरत असतं, मध्येच उतार येतो, ट्रॅफिक येतं, पाय वर येतो. बोटीला उतार नाही. बोट म्हणजे घाट संपतच नाही अशी गाडी. पंखा पाण्यात फिरवायला लागणारी ताकद साधारण आरपीएमच्या घनाच्या हिशोबाने वाढते, म्हणजे ५००० वरून ४००० वर आलात तर आरपीएम फक्त २० टक्के कमी होतात पण लोड जवळजवळ अर्धा होतो. म्हणूनच तुमचं इंजिन ३००० ला शहाण्यासारखं वागतं आणि ४८०० ला नाही. गाडीचं इंजिन एवढ्या लोडवर काही सेकंद राहतं, बोटीचं वीस-वीस मिनिटं.

या वीस मिनिटांत काय होतं, तर तेल वर जातं आणि वरच अडकतं. पंप तेल बेअरिंगला देतो, टॅपेटला देतो, पुशरॉडमधून हेडवर चढवतो, तिथून ते हेडमधल्या आणि व्हॅलीतल्या (दोन हेडमधल्या खोलगट जागेतल्या) भोकांतून स्वतःच्या वजनाने खाली उतरायला पाहिजे. पण त्याच वेळी पूर्ण लोडवर पिस्टन रिंगमधून निसटणारा गॅस खालून वर येत असतो आणि त्यालाही वर यायला तीच भोकं. संध्याकाळी सहा-सव्वासहाला ठाणे स्टेशनचा जिना आठवा, वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच जिन्यावर, मग कोणीच हलत नाही. तसंच. तेल टॅपेट कव्हरमध्ये (हेडवरच्या झाकणात) साठतं, चेंबर रिकामा होत जातो आणि साधा साडेचार लिटरचा चेंबर असेल तर दीड-दोन मिनिटांत पंपाच्या तेल ओढणाऱ्या जाळीच्या तोंडाशी हवा यायला लागते. तुमच्या काट्याला खाली यायला लागतात तेवढीच ही वेळ आहे, आणि माझा पहिला संशय म्हणूनच इथे आहे.

त्यात बोटीचा कोन. सरळ शाफ्टच्या बोटीत इंजिन मुळातच मागे झुकवून बसवतात, १० ते १५ डिग्री सहज, आणि बोट प्लेनवर (पाण्यावर सरकत) यायच्या आधी नाळ (पुढचं टोक) वर उचलते तेव्हा अजून काही डिग्री वाढतात. म्हणजे हेडच्या पुढच्या बाजूची परतीची भोकं उंचावर कोरडी आणि सगळं तेल मागच्या एक-दोन भोकांवर गर्दी करणार. तुमच्या इंजिनमध्ये चेंबरचा खोल भाग मागे, फ्लायव्हीलकडे आहे हे नशीब, कारण धावताना तेल तिकडेच जातं. पण थ्रॉटल झटकन मागे घेतला की पाणी बोटीला धरतं, नाळ खाली पडते, चेंबरमध्ये उरलेलं थोडं तेल पुढे धावतं आणि मागची जाळी उघडी पडते. काटा शून्याकडे झुकतो तो यामुळे. व्ही-ड्राइव्हवाल्यांनी इथे जास्त लक्ष द्या, तुमचं इंजिन तोंड मागे करून उलटं बसलेलं असतं, त्यामुळे नाळ उचलली की तेल इंजिनच्या पुढच्या तोंडाकडे पळतं आणि गाडीचा मागे खोल असलेला चेंबर तसाच ठेवला असेल तर नेमकी वेग घेतानाच जाळी उघडी. असे चेंबर मी स्वतः काढलेत.

वळणाचं मात्र लोक उगाच जास्त टेन्शन घेतात. व्ही तळाची बोट वळताना मोटरसायकलसारखी आत झुकते, त्यामुळे तेलावरचा जोर बराचसा चेंबरच्या तळाकडेच जातो, गाडीसारखं ते एका भिंतीवर चढत नाही. कॅटमरान किंवा टनेलवाल्या बोटी सपाट वळतात, त्यांना चेंबरमध्ये आडवे पडदे (तेल अडवणाऱ्या पत्र्याच्या भिंती) लागतात. आपल्याकडे खरा त्रास लाटेचा. दुपारचा वारा सुटल्यावर मांडव्याकडे जाताना बोट उडते, हवेत असताना चेंबरमधलं तेलही तरंगतं, पंखा पाण्याबाहेर आल्याने आरपीएम भसकन वर जातात आणि मग सगळं धाडकन खाली. त्या वेळी चेंबरला झाकण नसेल तर तेल उसळून थेट क्रँकवर.

आणि क्रँकवर तेल गेलं की दुसरी कथा सुरू. ४८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ८० फेऱ्या. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या वजनात तेल सापडलं की त्याची लस्सी होते, फेस. फेसाळलेलं तेल गरम जास्त होतं, हायड्रॉलिक टॅपेट त्याने बसतात, आणि पंपाला काय, तो फेससुद्धा उचलतो, प्रेशर दाखवतो ३० आणि त्यातली बरीच हवा असते. म्हणून कमी तेलाच्या भीतीने दोन लिटर जास्त ओतणारे पण फसतात. चेंबर उथळ असेल तर जास्तीचं तेल क्रँकच्या वजनांपर्यंत पोचतं आणि अजून फेस होतो.

आता मोठ्या पंपाचं. पंधराएक वर्षांपूर्वी उरणच्या एका मालकाची बोट माझ्याकडे आली, तक्रार अगदी तुमचीच. मी हाय व्हॉल्यूम पंप टाकला, आयडलला प्रेशर वाढलेलं दिसलं, मालक खूश, मीही. तिसऱ्या रविवारी मोरा बंदराच्या बाहेर एक बिगएन बेअरिंग (कनेक्टिंग रॉडचं, क्रँकवरचं) गेलं आणि त्या रॉडने ब्लॉकला भोक पाडलं. बोटीत त्यांची मुलं होती, ओहोटी लागलेली, एका कोळी बांधवाच्या बोटीने त्यांना ओढून आणलं. खोलल्यावर दिसलं की चेंबर गाडीचाच होता, लहान, आत एकही पडदा नाही. मोठ्या पंपाने तेल अजून जोरात वर चढवलं आणि चेंबर अजून लवकर रिकामा केला, म्हणजे मी त्या इंजिनचं मरण जवळ आणलं. तो दोष माझा होता आणि त्यानंतर चेंबर बघितल्याशिवाय मी पंपाला हात लावलेला नाही. दुसरा मुद्दा, या इंजिनमध्ये पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरून फिरतो, पंप जड केला की त्या गिअरवर आणि मधल्या रॉडवर लोड येतो. तिथे प्लॅस्टिकची स्लीव्ह असेल तर स्टीलची घ्या, हे मात्र नक्की करा.

तर तुमच्याकडे नेमकं काय चाललंय ते फार पैसे खर्च न करता कसं शोधायचं. सगळ्यात आधी फिल्टर काढून कापा. हॅकसॉने नको, त्याचा चुरा आत पडतो आणि काही कळत नाही, फिल्टर कटर लावा. आतला कागद उघडून पिळा, उन्हात बघा. चंदेरी चमक थोडी असली तर बेअरिंगचा वरचा थर जातोय, तांब्याचा रंग दिसला तर पुढची टेस्ट करूच नका, बोट बाहेर काढा आणि बेअरिंग बघा. फिल्टर साफ निघाला तर ब्लॉकच्या मेन गॅलरीवर (तेलाच्या मुख्य वाटेवर) एक मेकॅनिकल गेज लावून घ्या, कारण डॅशबोर्डचा सेंडर (काट्याला प्रेशर कळवणारा भाग) खाऱ्या हवेत वर्षभरात खोटं बोलायला लागतो आणि मी लोकांना फक्त सेंडर खराब म्हणून इंजिन खोलताना बघितलंय.

मग कोणाला तरी बरोबर घ्या, त्याच्या मोबाईलवर प्रेशर, टेंपरेचर आणि आरपीएम तिन्ही एका फ्रेममध्ये येतील असा व्हिडिओ काढा. ४८०० ला न्या, काटा पडायला लागला की लगेच खाली या. पडायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. मग एक लिटर तेल जास्त घाला, फक्त या टेस्टपुरतं, आणि पुन्हा तेच करा. काटा पडायला आता जास्त वेळ लागला तर चेंबर रिकामा होतोय हे पक्कं. काहीच फरक नाही तर बेअरिंगची ढील, रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारा) किंवा गरम तेल यांच्याकडे बघा. आणि आधीपेक्षा लवकर पडला तर तेल क्रँकमध्ये जाऊन फेस होतोय. एवढ्या एका लिटरने जेवढं कळतं तेवढं अर्ध इंजिन खोलून कळत नाही. अजून एक, खाली आल्यावर इंजिन बंद करून लगेच डिपस्टिक बघा आणि पाच मिनिटांनी पुन्हा बघा, दोन्हीतला फरक म्हणजे वर अडकलेलं तेल. पूर्ण वेगात चावी बंद करू नका पण, मागची लाट बोटीत चढते आणि एक्झॉस्टमधून पाणी सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं.

ही ट्रायल प्रवासी बोटींच्या वाटेवर अजिबात करायची नाही. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीजवळ इंजिनची ट्रायल चालू असलेली स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली, माणसं गेली. मोकळं पाणी, भरतीची वेळ, एक माणूस फक्त पुढे बघायला, एवढं असेल तरच दाबा.

आता चेंबर. तुमच्या इंजिनला आठ लिटरच्या आसपास घेणारा मरीन चेंबर पाहिजे, फिल्टर आणि कुलरचं तेल वेगळं. इंपोर्टेड मिळतो, चांगला असतो, पण तुमच्या बोटीत बसेल का ते आधी मोजा, कारण बोटीत खाली स्ट्रिंगर (तळाचे लांब आधार) असतात, बिल्ज (तळातली पाणी साठायची जागा) असतो आणि चेंबर अर्धा इंच खोल निघाला म्हणून इंजिन वर उचललं की शाफ्टचं अलाइनमेंट गेलं. खोली मिळत नसेल तर रुंदी घ्या, बाजूला पोट काढा. मी बऱ्याचदा इथेच एमआयडीसीत बनवून घेतो. १६ गेजचा पत्रा, फ्लँजला मात्र ६ एमएमची पट्टी, आणि वेल्डिंग करताना चेंबर जुन्या भंगार ब्लॉकला सगळ्या बोल्टने आवळून ठेवायचा, नाहीतर फ्लँज केळीसारखी वाकते आणि मग वर्षभर गॅस्केट गळत बसतं. आर्गन वेल्डिंग, घाईत आर्क नको. झाल्यावर बाहेरून खडू लावायचा, आत रॉकेल भरून रात्रभर ठेवायचं, सकाळी खडूवर ओला डाग दिसला की तिथे पिनहोल. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालतं. ॲल्युमिनियमचा चेंबर दिसायला छान पण खाऱ्या बिल्जच्या पाण्यात तो खाल्ला जातो, आपल्याकडे मी पत्र्याचाच घेतो आणि बाहेरून इपॉक्सी प्रायमर आणि रंग.

आतलं काम बाहेरच्यापेक्षा महत्त्वाचं. खोल भागाच्या तोंडावर एक पडदा आणि त्यात एकाच बाजूला उघडणारे छोटे दरवाजे, जे तेलाला जाळीकडे येऊ देतात आणि परत पुढे जाऊ देत नाहीत. थ्रॉटल मागे घेतल्यावर तुमचा काटा पडतो त्याचं औषध हे दरवाजे. बिजागरीची पिन दोन्ही टोकांना वेल्डिंगचा टाका मारून पक्की करा, एक पिन सुटून पंपाच्या जाळीवर बसलेली मी काढलीये. दरवाजा बोटाने ढकलला तर सहज हलला पाहिजे आणि सोडला की स्वतः बंद झाला पाहिजे, रंग आत लावू नका, त्याने तो चिकटतो. पडद्याच्या तळाच्या कोपऱ्यांना थोडी फट सोडा, नाहीतर ऑइल बदलताना जुनं तेल मागेच राहतं. आणि क्रँकच्या खाली पूर्ण लांबीची विंडेज ट्रे, जाळीची किंवा खाचा पाडलेली. तिच्यामुळे क्रँकवरून उडालेलं तेल खाली जातं आणि लाटेवर उसळलेलं तेल वर येत नाही. ट्रे आणि कनेक्टिंग रॉडच्या बोल्टमध्ये निदान एक सूत (साधारण ३ एमएम) जागा ठेवा, स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून बघा. कानाला बारीक घासल्याचा आवाज आला तरी ट्रे परत काढायची. कंटाळा आला तरी काढायचीच.

पिकअपची जाळी चेंबरच्या तळापासून २ ते ३ सूत, म्हणजे ६ ते १० एमएम. कमी झालं तर तळ तिला चिकटून तेल अडतं, जास्त झालं तर थोडं तेल हललं की हवा. अंदाजाने नको. पोरांच्या खेळण्यातली क्ले घ्या, जाळीवर तिचे गोळे ठेवा, गॅस्केट घालून चेंबर दाबून बसवा, काढा आणि क्लेची जाडी मोजा. पिकअपची नळी पंपात नुसती ठोकून बसवलेली असते, ती व्हायब्रेशनने सैल होते आणि मग पंप सांध्यातून हवा ओढतो. तिला टाका मारा किंवा बोल्टवाला ब्रॅकेट द्या. वेल्डिंगच्या आधी पंपातली रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग न विसरता काढून ठेवा, उष्णतेने ती नरम पडली की प्रेशर कायमचं कमी, आणि मग माणूस महिनाभर दुसरीकडेच कारण शोधत बसतो.

चेंबरबरोबर परतीची वाट पण मोकळी करा, नाहीतर नुसतं मोठं भांडं ठेवून फायदा अर्धाच. इंटेक मॅनिफोल्ड काढाल तेव्हा हेडच्या आणि व्हॅलीच्या भोकांत बघा, ओतकामाचे काटे असतात ते घासून गुळगुळीत करा. गॅस्केट भोकावर आलंय का बघा. आणि सिलिकॉन, हे मला कळकळीने सांगायचंय, आपल्याकडे सिलिकॉन लोण्यासारखं फासतात, आत निघालेली शेपटी तुटून भोकात किंवा जाळीवर बसते. तीन एमएमची रेघ पुरते. एवढं करूनही तेल वर राहत असेल तर दोन्ही हेडच्या मागच्या टोकाला नळी काढून ती चेंबरमध्ये, तेलाच्या पातळीच्या वर आणून जोडायची, कोनात बसलेल्या इंजिनला याचा फार उपयोग होतो. गॅसला वेगळा रस्ता म्हणून दोन्ही टॅपेट कव्हरवर मोठे ब्रीदर, आतून पडदा असलेले, आणि त्यांचा पाइप फ्लेम अरेस्टरपर्यंत (इंजिनच्या हवेच्या तोंडावरची, ज्वाला अडवणारी जाळी), बोटीच्या इंजिनरूममध्ये मोकळा सोडायचा नाही, पेट्रोलचं इंजिन आहे. ब्रीदरमधून तेल बाहेर येत असेल तर कंप्रेशन आणि लीकडाऊन टेस्ट (सिलिंडरमधून गॅस किती गळतो ते बघणारी) करा, रिंगच गेल्या असतील तर चेंबर काय करणार.

डिपस्टिक. नवीन चेंबर बसला की जुन्या डिपस्टिकच्या खुणा पुसल्या समजा. बोट पाण्यात, नेहमीच्या डिझेल-पाण्याच्या लोडवर... चुकलो, तुमच्या पेट्रोल-पाण्याच्या लोडवर उभी करा, ट्रेलरवर नाही, कारण कोन वेगळा येतो. इंजिनवर मोबाईल ठेवून लेव्हलच्या ॲपने किती डिग्री ते बघून लिहून ठेवा. मग मापाने तेल भरा, इंजिन दोन मिनिटं चालवून फिल्टर आणि कुलर भरू द्या, बंद करून दहा मिनिटं थांबा, फिल्टर-कुलरला गेलं तेवढं वर घाला आणि तिथे नवी खूण करा. एक लिटर कमी असताना कुठे येतं तीही खूण करा. हे काम फुकट आहे आणि हेच सगळ्यात जास्त लोक करत नाहीत.

तेलाचं टेंपरेचर तुम्ही सांगितलंच नाहीत. चेंबरमध्ये ९५ ते ११५ डिग्री असेल तर छान. १३० च्या पुढे गेलं तर तेल पातळ होऊन प्रेशर पडणारच. पण आपल्याकडे उलटा त्रासही बघतो, मोठा कुलर लावला की तेल ६०-७० च्या वर जातच नाही, मग तेलातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, टॅपेट कव्हरखाली पिवळट साय जमते. त्यासाठी ऑइल थर्मोस्टॅट लावा. कुलरचं खारं पाणी हा आपला खास प्रश्न, ठाण्याच्या खाडीत ओहोटीला पाण्यापेक्षा चिखल जास्त, स्ट्रेनरमध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुलरच्या बारीक नळ्या गाळाने भरतात. भरतीला निघा, भरतीला या, स्ट्रेनर प्रत्येक फेरीनंतर साफ, आणि गंज स्वतःवर घेणारा झिंकचा तुकडा अर्धा खाल्ला गेला की बदला. कुलरची नळी आतून फुटली तर चालू इंजिनमध्ये तेल समुद्रात जातं आणि बंद इंजिनमध्ये समुद्र तेलात येतो, म्हणून सकाळी स्टार्ट करायच्या आधी डिपस्टिक बघायची सवय ठेवा, पातळी वाढलेली दिसली तर सेल्फ मारू नका. कुलर-फिल्टरचे होज आतून निदान अर्धा इंच, शक्यतो ५ सूत, हायड्रॉलिकच्या दुकानातून तेलाला चालणारेच घ्या आणि काटकोनी कनेक्टर जेवढे टाळता येतील तेवढे टाळा.

जाड तेलाबद्दल थोडक्यात. मरीन फोर-स्ट्रोकसाठी एफसी-डब्ल्यू लिहिलेलं २५डब्ल्यू-४० घ्या, त्यात गंज रोखायची टेस्ट पास केलेली असते. बेअरिंगची ढील अडीच ते तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असेल तर २०डब्ल्यू-५० पण चालेल. त्याहून जाड घालून प्रेशरचा आकडा वाढतो, पण जाड तेल वरून खाली उतरायला अजून वेळ लावतं, म्हणजे तुमचा मूळ आजार वाढतो.

ड्राय संप तुम्हाला नको. मर्क्युरी रेसिंगच्या ९ लिटरच्या १३५० हॉर्सपॉवरवाल्या इंजिनमध्ये ड्राय संप आहे आणि तिथे तो शोभतो, चेंबर उथळ झाल्याने इंजिन खाली बसतं, चेंबरमधून तेल खेचायला वेगळे पंप, तेलाची वेगळी उंच टाकी, हवा वेगळी होते. पण तुम्ही ४८०० च्या वर जात नाही. बेल्ट, पुली, चार-पाच जाड होज, टाकी हे सगळं खाऱ्या हवेत सांभाळायचं म्हणजे दर महिन्याला कोणीतरी जाणकार लागेल, आणि एक होज सुटला की दहा सेकंदांत सगळं तेल बिल्जमध्ये. ६००० च्या वर फिरवणार असाल तर वेगळं बोलू. त्यापेक्षा डॅशबोर्डवर प्रेशरचा अलार्म लावा, पण कंपनीचा ५-६ पीएसआयला वाजणारा नको, तो वाजेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. ३००० च्या वर असताना ३५ ला वाजेल असा, आरपीएमशी जोडलेला.

कामाची वेळ म्हणाल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा क्रेन आणि फिटर दोन्ही मोकळे असतात, इंजिन वर काढल्याशिवाय हा चेंबर बदलता येणार नाही. बोट पावसाळ्याला बांधायच्या आधी तेल बदलून ठेवा, नारळी पौर्णिमेनंतर बदलू असं नको, जुन्या तेलातलं आम्ल आणि पाणी दोन महिने बेअरिंगवर बसून राहतं. चेंबरला खाली ड्रेन होज लावून घ्या म्हणजे तेल डब्यात काढता येईल. बिल्जमध्ये सांडून खाडीत पंप करणारे मी बघतो आणि फार वाईट वाटतं, समोर फ्लेमिंगो बसलेले असतात, ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे आणि दिवाळे, सारसोळे गावांतल्या कोळ्यांचं पोट त्याच पाण्यावर आहे. जुनं तेल घेणारे अधिकृत लोक एमआयडीसीत आहेत.

तुम्ही आत्ता एवढंच करा, फिल्टर कापा आणि एक लिटरवाली टेस्ट करा. दोन्ही व्हिडिओ, फिल्टरच्या कागदाचा उन्हातला फोटो आणि इंजिनचा कोन किती डिग्री ते पाठवा. स्ट्रिंगरच्या मधली रुंदी आणि चेंबरच्या तळापासून बिल्जपर्यंतची उंची पण मोजून ठेवा, त्याच्यावरून चेंबरचं ड्रॉइंग काढता येईल. जुना स्टँडर्ड पंप मेकॅनिककडे असेल तर भंगारात टाकू देऊ नका, तोच परत लागणार आहे.